मुंबई ते लंडन : अंतर किती आणि वेळ किती?

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी दोनला विमान सुटलं आणि लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरलं. मग प्रवास साडेचार तासांचाच झाला का? नाही. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतं. ते मिळवले की दहा तास होतात. परतीला तेच साडेपाच तास वजा करायचे. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा धरायचा.

आता अंतर बघू. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई-लंडन पट्टीने जोडलं, तर रेषेचा मध्य सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेजवळ येतो. पण पृथ्वी सपाट नाही. घरी पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो कराची, इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे ७,२०० किलोमीटर.

मग जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असं का? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे झोत वाहतात. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरू आणि वारा सरासरी ६० किलोमीटरचा. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८४० उरतो, म्हणजे साडेआठ तासांहून थोडं जास्त. येताना तो ९६० होतो, म्हणजे साडेसात तास. अंतर तेच, पण फरक तासाभराचा. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, उतरण्यासाठी घिरट्या घालणं, हा वेळ वेगळाच.

पण दोऱ्याचा मार्ग आकाशात मिळेलच असं नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. म्हणजे आपल्या दोऱ्याची दोन्ही टोकांकडची वाट अडली. वळसा आला की इंधन जास्त, वजनाचा हिशेब वेगळा आणि तिकीटही महाग.

हा वळसा का घ्यायचा, याचं उत्तर १७ जुलै २०१४ ला मिळालं. ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं एमएच-१७ विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. २९८ माणसं गेली. तिथलं आकाश तेव्हा ३२,००० फुटांपर्यंतच बंद होतं आणि विमान ३३,००० फुटांवर होतं. नियमाप्रमाणे मार्ग खुलाच होता.

म्हणून मुलांकडे निघालेल्या आईवडिलांचं विमान पूर्वीपेक्षा तासभर जास्त घेत असेल, तर आपण कुरकुर जरूर करू, पण नकाशा एकदा बघून. सर्वांत जवळची वाट भूमितीने ठरते. विमानाची वाट ठरताना वारा, इंधन आणि खालची माणसं काय करताहेत, हेही बघावं लागतं.