एका सीमेची तीन शहरे : त्रिएस्ते, गोरित्सिया आणि नोव्हा गोरित्सा

एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाशी इटली आणि स्लोव्हेनिया हे दोन देश जिथे एकमेकांना भिडतात, तिथे न्याहारी एका देशात आणि दुपारचे जेवण दुसऱ्या देशात घेणे ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. या पट्ट्यातील हजारो माणसे नोकरी, खरेदी, शिक्षण किंवा नातेसंबंध यांसाठी सतत सीमा ओलांडतात आणि प्रवाशालाही दोन-तीन दिवसांच्या सवडीत दोन देशांतली शहरे पायी, बसने किंवा आगगाडीने पाहता येतात. दक्षिण युरोपात अशा छोट्या सीमापार सहली अनेक ठिकाणी करता येतात; पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरून स्पेनमधील सेव्हिया गाठता येते, फ्रान्समधील नीसहून इटलीतील व्हेंतिमिलिया गाठता येते. परंतु सीमा म्हणजे काय, ती कशी आखली जाते, तिच्यामुळे काय तुटते आणि ती कशी उघडते, हे एकाच छोट्या परिसरात समजून घ्यायचे असेल, तर त्रिएस्ते, इटलीतील गोरित्सिया आणि स्लोव्हेनियातील नोव्हा गोरित्सा यांची सहल विशेष अर्थपूर्ण ठरते.

हा सहज प्रवास ज्या व्यवस्थेमुळे शक्य होतो, तिला शेंगेन व्यवस्था म्हणतात. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी केलेल्या करारातून ती उभी राहिली आणि १९९५ पासून प्रत्यक्षात आली. सदस्य देशांनी आपसांतील सीमांवरची नियमित पारपत्र-तपासणी बंद करायची आणि बाहेरच्या सीमेवरची तपासणी सर्वांनी मिळून सांभाळायची, हा तिचा गाभा आहे. स्लोव्हेनिया १ मे २००४ रोजी युरोपीय संघात आला, १ जानेवारी २००७ पासून त्याने युरो हे चलन स्वीकारले आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला तो शेंगेन क्षेत्रात सामील झाला. त्यामुळे इटलीसाठी मिळालेल्या शेंगेन व्हिसावर भारतीय प्रवाशाला स्लोव्हेनियातही जाता येते आणि खिशातले पैसे बदलून घ्यावे लागत नाहीत.

सहलीचा मुक्काम बहुधा त्रिएस्ते येथे ठेवला जातो. आज इटलीत असलेले हे बंदर १३८२ पासून १९१८ पर्यंत हाब्सबर्ग राजघराण्याच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या, सत्तेखाली होते. सम्राट सहाव्या चार्ल्सने १७१९ मध्ये त्याला मुक्त बंदराचा दर्जा दिला, म्हणजे तिथे उतरणाऱ्या मालावरील जकातीत मोठी सवलत दिली, आणि १८५७ मध्ये व्हिएन्नाहून येणारा लोहमार्ग पूर्ण झाल्यावर मध्य युरोपाचा समुद्राकडे उघडणारा मुख्य दरवाजा म्हणून शहराची भरभराट झाली. इटालियन, स्लोव्हेन, जर्मन, ग्रीक, सर्बियन आणि ज्यू व्यापारी इथे स्थायिक झाले. सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथाचे चर्च, ग्रीक चर्च आणि १९१२ मध्ये बांधून झालेले भव्य सिनगॉग आजही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तीन बाजूंनी प्रशस्त इमारती आणि चौथ्या बाजूला थेट समुद्र असलेला पियात्सा उनिता हा शहराचा मुख्य चौक त्या वैभवाची साक्ष देतो.

या बंदराचे मुंबईशी जुने नाते आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर त्रिएस्तेच्या ऑस्ट्रियन लॉइड या जहाज कंपनीच्या आगबोटी मुंबईला येऊ लागल्या. पहिल्या महायुद्धानंतर शहर इटलीकडे गेले, तेव्हा तीच कंपनी लॉइड त्रिएस्तिनो या नावाने पुढे चालली. गोलमेज परिषदेहून परतताना महात्मा गांधींनी डिसेंबर १९३१ मध्ये इटलीतील ब्रिंदिसीहून मुंबईपर्यंतचा प्रवास ज्या ‘पिल्स्ना’ जहाजातून केला, ते याच कंपनीचे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात नोकरी केलेला, मराठीसह अनेक भारतीय भाषा शिकलेला आणि १८५१ मध्ये गोव्यावर पुस्तक प्रसिद्ध करणारा रिचर्ड बर्टन हा १८७२ पासून १८९० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्रिएस्तेतच ब्रिटनचा वाणिज्यदूत होता आणि अरबी कथांचे आपले बहुखंडी भाषांतर त्याने याच काळात प्रसिद्ध केले. आयरिश लेखक जेम्स जॉइसने १९०५ ते १९१५ या काळातील बहुतेक वर्षे इथे इंग्रजी शिकवत काढली. शहराबाहेर मिरामारे येथे १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांनी स्थापन केलेले सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे आंतरराष्ट्रीय केंद्र आहे आणि विकसनशील देशांतील, त्यांत भारतातीलही, अनेक शास्त्रज्ञ तिथे अभ्यासासाठी जात आले आहेत.

त्रिएस्तेच्या कॉफीगृहांना प्रवाशाने वेळ द्यावा, कारण कॉफीच्या आयातीवर या शहराचा व्यापार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आणि १८३० पासूनचे तोमासेओ किंवा १९१४ मध्ये सुरू झालेले सान मार्को ही कॉफीगृहे लेखक-पत्रकारांच्या बैठकीची ठिकाणे होती. येथील मागणीची भाषाही इटलीच्या इतर भागांहून वेगळी असून साध्या एस्प्रेसोला ‘नेरो’ आणि थोडे दूध घातलेल्या छोट्या कॉफीला ‘कापो’ म्हणतात. जेवणात राजमा आणि आंबवलेल्या कोबीचे ‘योता’ नावाचे दाट सूप मिळते, जे सीमेच्या दोन्ही बाजूंना तितकेच घरचे मानले जाते. मात्र त्यात बहुधा डुकराचे मांस असते, म्हणून शाकाहारी प्रवाशाने आधी विचारून घेणे बरे.

या संपन्न शहराची दुसरी बाजू विसाव्या शतकात दिसते. पहिल्या महायुद्धानंतर मोठी स्लोव्हेन लोकवस्ती इटलीच्या सत्तेखाली आली. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्टांनी त्रिएस्तेतील ‘नारोद्नी दोम’ हे स्लोव्हेन समाजाचे सांस्कृतिक केंद्र जाळले. पुढे स्लोव्हेन शाळा बंद झाल्या आणि लोकांच्या आडनावांचे इटालियनीकरण झाले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी शहरातील सान साब्बा येथील तांदूळ सडण्याच्या जुन्या गिरणीत छळछावणी चालवली, जी आज राष्ट्रीय स्मारक आहे. १९४५ मध्ये, स्लोव्हेनिया तेव्हा ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाचे सैन्य आल्यावर अनेक इटालियनांना अटक होऊन ठार मारले गेले, काहींचे मृतदेह ‘फोइबे’ म्हणजे चुनखडीच्या प्रदेशातील खोल नैसर्गिक विवरांत टाकले गेले, आणि पुढील वर्षांत इस्त्रिया द्वीपकल्पातून इटालियन भाषकांनी मोठ्या संख्येने स्थलांतर केले. दोन्ही समाजांच्या वाट्याला आलेली ही दुःखे परस्परांविरुद्ध न मांडता एकत्र समजून घेणे हे या प्रदेशाचे दीर्घकालीन काम आहे. १३ जुलै २०२० रोजी, त्या आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, इटली आणि स्लोव्हेनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही बाजूंच्या मृतांच्या स्मारकांपुढे हातात हात घेऊन उभे राहून आदरांजली वाहिली आणि नारोद्नी दोम स्लोव्हेन समाजाला परत देण्याच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या.

त्रिएस्तेहून आगगाडीने तासाभराच्या आत गोरित्सिया गाठता येते आणि सीमेचा खरा अर्थ तिथे उलगडतो. १९४७ च्या पॅरिस शांतता तहाने इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यातील नवी रेषा ठरवली आणि त्या सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे भारतीय उपखंडाच्या फाळणीनंतर महिन्याभराने, ती प्रत्यक्षात आली. जुने शहर आणि किल्ला इटलीत राहिला. पूर्वेकडची उपनगरे, शेते आणि १९०६ मध्ये बांधलेले ट्रान्सअल्पाइन मार्गाचे रेल्वे स्थानक युगोस्लाव्हियात गेले. स्थानकासमोरच्या चौकातून कुंपण उभे राहिले. जवळच्या मिरेन गावात ही रेषा थेट स्मशानभूमीतून गेली, त्यामुळे काही कबरी दोन देशांत विभागल्या गेल्या आणि ओसिमोच्या कराराने १९७५ मध्ये सीमेचा प्रश्न मिटेपर्यंत ती स्थिती टिकली.

आपले शहर गमावलेल्या प्रदेशाला नवे केंद्र हवे होते, म्हणून १९४८ पासून कुंपणापलीकडे नोव्हा गोरित्सा, म्हणजे ‘नवी गोरित्सा’, हे शहर रिकाम्या जागेवर वसवण्यास सुरुवात झाली. त्याचा आराखडा एदवार्द राव्हनिकार या स्लोव्हेन वास्तुविशारदाने केला, ज्याने पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात काम केले होते. ज्याने पुढे चंडीगडचा आराखडा केला, त्याच ल कॉर्ब्युझिएच्या विचारांची छाप इथल्या रुंद रस्त्यांवर, झाडांच्या रांगांवर आणि मोकळ्या जागांवर दिसते. म्हणून पाऊणएक तासाच्या चालीत प्रवाशाला मध्ययुगीन किल्ल्याच्या गल्ल्यांतून समाजवादी काळातील नियोजित शहरात जाता येते.

कुंपण होते तेव्हाही माणसांनी ते पूर्णपणे मान्य केले नव्हते. १३ ऑगस्ट १९५० या रविवारी युगोस्लाव्ह बाजूचे हजारो लोक सीमाचौकी ओलांडून गोरित्सियात आले, नातलगांना भेटले आणि आपल्या बाजूला न मिळणाऱ्या वस्तू, विशेषतः झाडू, विकत घेऊन परतले. त्या दिवसाला आजही ‘झाडूंचा रविवार’ म्हणतात. पन्नाशीच्या दशकात झालेल्या स्थानिक करारांनी सीमेलगतच्या रहिवाशांना खास परवान्यावर ये-जा करण्याची मुभा मिळाली. पुढील दशकांत युगोस्लाव्हियातील लोक जीन्स आणि कॉफी घेण्यासाठी त्रिएस्तेच्या बाजारात गर्दी करू लागले. लपवून आणलेल्या मालाचा हा इतिहास नोव्हा गोरित्सातील प्रिस्तावा येथील तस्करीच्या छोट्या संग्रहालयात पाहता येतो.

स्थानकासमोरचे कुंपण स्लोव्हेनियाच्या युरोपीय संघातील प्रवेशाच्या वेळी, २००४ मध्ये, हटवले गेले. इटालियन लोक त्या चौकाला पियात्सा त्रान्सअल्पिना आणि स्लोव्हेन लोक तर्ग एव्रोपे, म्हणजे युरोपचा चौक, म्हणतात. जमिनीवरच्या खुणेपलीकडे आता तिथे सीमेचा अडथळा नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे चौकात पुन्हा तात्पुरते कुंपण आले आणि काही आठवडे कुटुंबे जाळीच्या दोन बाजूंनी भेटली. २०२५ मध्ये नोव्हा गोरित्सा आणि गोरित्सिया यांनी मिळून ‘युरोपची सांस्कृतिक राजधानी’ हा मान सांभाळला. युरोपीय संघ दरवर्षी निवडक शहरांना हा मान देतो.

वेळ असेल तर याच परिसरातील आणखी काही जागा पाहाव्यात. नोव्हा गोरित्साजवळ सोल्कान येथे सोचा नदीवर १९०५ मध्ये पूर्ण झालेला, ८५ मीटर लांबीची दगडी कमान असलेला रेल्वे पूल आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ ते १९१७ या काळात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झालेली हीच नदी इटालियनमध्ये इझोंझो म्हणून ओळखली जाते. टेकडीवरील कोस्तान्येवित्सा मठात १८३६ मध्ये गोरित्सियात मरण पावलेल्या फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्स या पदच्युत राजाची समाधी आहे. त्रिएस्तेच्या मागच्या चुनखडीच्या पठारावर, ज्याला कार्स्ट किंवा क्रास म्हणतात, ‘ओस्मित्सा’ नावाच्या शेतघरांत वर्षातले काही दिवस शेतकरी स्वतःचे मद्य आणि खाद्यपदार्थ विकतात. सम्राट दुसऱ्या जोसेफच्या १७८४ च्या हुकुमाने ही मुभा दिली आणि रस्त्यावर टांगलेली पानांची डहाळी ते उघडे असल्याची खूण मानली जाते.

अशी सहल आखताना काही बाबी ध्यानात घ्याव्यात. शेंगेन व्हिसा सामान्यतः जिथे सर्वांत जास्त दिवस राहायचे त्या देशाच्या वकिलातीमार्फत मागावा आणि दिवस समान असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे अर्ज करावा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा असावा लागतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, परंतु बोस्निया किंवा सर्बिया नाही. तिकडे गेल्यास एकदाच प्रवेश देणारा व्हिसा संपतो. पारपत्र सतत जवळ बाळगावे. स्लोव्हेनियात कायद्याने बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात. भाड्याची मोटार असेल तर सीमा ओलांडण्याची परवानगी घ्यावी आणि स्लोव्हेनियाच्या महामार्गांसाठी इलेक्ट्रॉनिक टोल परवाना, म्हणजे ‘विन्येता’, घ्यावा. दोन्ही बाजूंना आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक ११२ आहे.

पारपत्राबाबतची ही सूचना औपचारिक नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीने सुरक्षेचे कारण देऊन स्लोव्हेनियाच्या सीमेवर तपासण्या पुन्हा सुरू केल्या आणि नंतर त्यांची मुदत वाढवली. शेंगेनच्या नियमांत अशा तात्पुरत्या तपासणीची तरतूद आहे, म्हणून सीमा बंद झाली नाही, पण तिचे उघडेपण कायमचे गृहीत धरता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. १९४७, १९५०, १९७५, २००४, २००७ आणि २०२३ ही वर्षे एकत्र पाहिली, तर या रेषेच्या इतिहासात सरकारांच्या निर्णयांइतकाच झाडू घ्यायला निघालेल्या सामान्य माणसांचाही वाटा दिसतो. म्हणून या प्रदेशात फिरणाऱ्याने निम्मा दिवस सान साब्बाच्या स्मारकासाठी आणि नारोद्नी दोमसाठी राखून ठेवावा, दोन्ही गोरित्सा पायीच पाहाव्यात आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोलावे. दोन देश पाहिल्याच्या समाधानापेक्षा, एकदा आखलेली रेषा करारांनी आणि संयमाने किती सौम्य करता येते आणि ती तशी ठेवण्यासाठी प्रत्येक पिढीला किती जबाबदारीने वागावे लागते, याची जाण ही या सहलीची अधिक मोलाची कमाई आहे.