पानाने परत दिलेला उजेड

मार्चमध्ये महाबळेश्वरच्या रानात, भर दुपारी, एखाद्या अंजनीपाशी थांबावं. पान बोटांत धरलं तर चामड्यासारखं लागतं. उन्हात जरा तिरपं केलं की झळाळतं. जवळ पिसा असेल तर त्याचं पान उलटून पाहा. पाठ पांढुरकी, रुपेरी. वाऱ्याची झुळूक आली की अख्ख्या झाडाचा रंग क्षणभर पालटतो. पानाने न घेता परत धाडलेला हा उजेड!

तांबडा आणि निळा प्रकाश पान जवळजवळ सगळा पिऊन टाकतं. हिरव्यातला साधारण दहावा हिस्सा माघारी येतो, आणि तेवढ्यावर आपण रान हिरवंगार म्हणतो. खरी नवलाई तांबड्याच्या पलीकडे आहे. ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास चित्र एकदम बदलतं आणि पुढच्या अवरक्त प्रकाशातला निम्म्याच्या आसपास भाग पान परत फेकतं. हरितद्रव्याला तो चालत नाही. पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांत आपटत आपटत तो बाहेर पडतो. १९१० साली रॉबर्ट वुड यांनी अवरक्त प्रकाशात फोटो काढले, त्यांत झाडं बर्फासारखी पांढरी आली. तो प्रकाश दिसणारे डोळे असते, तर आपलं सदाहरित रानही तसंच दिसलं असतं.

हा परतीचा उजेड दिवसभरातही बदलतो, आणि मला सगळ्यात अद्भुत वाटतं ते हेच. दुपारी ऊन झेपेनासं झालं की पानातलं एक पिवळं रंगद्रव्य काही मिनिटांत रूप पालटतं आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या वाटेने सोडून देतं. त्या वेळी ५३१ नॅनोमीटरपाशी परत येणारा प्रकाश किंचित घटतो. डोळ्यांना पत्ताही लागत नाही, पण उपकरण ते टिपतं. घाटाखालचा कुसुंब मात्र काहीच लपवत नाही. होळीच्या सुमारास त्याची कोवळी पालवी लालभडक फुटते. हरितद्रव्य पुरतं तयार होईपर्यंत तो लाल रंग उन्हाची झळ अडवतो, असं मानतात.

पाण्याची खूण आणखी पुढे, १४५० नॅनोमीटरपाशी. भरल्या पानातलं पाणी तिथला प्रकाश शोषून घेतं. पान सुकू लागलं की तोच प्रकाश जास्त परतू लागतो. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी जांभ्यावरच्या पातळ मातीत उन्हाळ्यात झाडांना ओल पुरवून वापरावी लागते.

२०१५पासून फिरणारे सेंटिनेल-२ उपग्रह ७८६ किलोमीटरवरून पानांचा हा परतीचा उजेड वाचतात, वरच्या सगळ्याच खुणा मात्र त्यांना टिपता येत नाहीत. डोंगरात ते सोपं नाही. सकाळी पूर्वेचा उतार उजळलेला, पश्चिमेचा सावलीत. झाडं एकाच जातीची असली तरी दोन वाटावीत. त्यामुळे उताराचा कोन आणि सूर्याची जागा हिशेबात धरून आकडे दुरुस्त करावे लागतात. जूनमध्ये ढग उतरले की उपग्रहांचे हे डोळे बहुतेक मिटतातच. पानं पाण्याने तुडुंब भरलेली असतात ते महिने असे धुक्याआड जातात, आणि पाऊस सरून आभाळ मोकळं झालं की धुतलेल्या अंजनीवरून पहिला स्वच्छ उजेड पुन्हा वर पोहोचतो.