ताऱ्यांचा वजनकाटा

लोअर परळच्या फलाटावर उभे असता, न थांबता जाणाऱ्या जलद गाडीचा भोंगा ऐकावा. गाडी जवळ येताना त्याचा स्वर चढा असतो. ती पुढे जाताच तो उतरतो. या फरकावरून गाडीचा वेग काढता येतो.

प्रकाशाचेही तसेच आहे. जवळ येणाऱ्या ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस सरकतात, दूर जाणाऱ्याच्या तांबड्या बाजूस. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची वसाहत. त्या सर्वांचा प्रकाश एकत्र मिसळल्याने तिच्या वर्णपटातील रेषा रुंद होतात. रुंदी जितकी अधिक, तितकी ताऱ्यांच्या वेगांतील तफावत मोठी. या तफावतीस वेगांचे अपस्करण म्हणतात. धावत्या ताऱ्यांना एकत्र बांधून ठेवण्यास किती वस्तुमान लागेल, हे तिच्यावरून कळते.

इ. स. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी अरुंधती केश या तारकापुंजाच्या दिशेस असलेल्या दीर्घिकांच्या समूहास हीच कसोटी लावली. त्यांतील काहींच्या वेगांत सेकंदास हजार किलोमीटरांहून अधिक फरक आढळला. दिसणाऱ्या ताऱ्यांचे वस्तुमान त्यांना आवरण्यास फारच अपुरे होते. तरीही समूह विखुरला नव्हता. तेव्हा तेथे न दिसणारे द्रव्य असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. या कृष्णद्रव्याचे स्वरूप अद्याप उलगडलेले नाही.