विमानालाही गंज लागतो



बारामतीच्या आसपास शेतात काम करताना डोक्यावरून घरघरत जाणारे छोटे विमान आपण पुष्कळदा पाहिले असेल. तेथील विमानतळावर वैमानिकांचे शिक्षण चालत आले आहे. उन्हात चकाकणारे ते विमान पाहून कुणी म्हणेल, "ह्याला कसला आलाय गंज! गंज लागायचा तो आमच्या नांगराच्या फाळाला, नाहीतर विहिरीवरच्या पाइपाला." पण तसे नाही. विमानालाही गंज लागतो, आणि तो फाळाच्या गंजापेक्षा अधिक फसवा असतो. कसा, ते आज पाहू.

आधी गंज म्हणजे काय ते समजून घ्या. लोखंड काय, ॲल्युमिनियम काय, खाणीतून निघते तेव्हा ते प्राणवायूशी जखडलेले असते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइट नावाचा दगड सापडतो. त्यातला प्राणवायू विजेच्या जोरावर सोडवला, की ॲल्युमिनियम मिळते. म्हणजे धातू आपण निसर्गाकडून जबरीने घेतलेला असतो आणि त्याची ओढ पुन्हा मूळ रूपाकडे असते. ओल आणि हवा मिळाली की तो परत निघाला म्हणून समजा. ह्या परतीच्या वाटेलाच आपण गंज म्हणतो. लोखंडाचा गंज तांबडा, तांब्याचा हिरवट, तर ॲल्युमिनियमचा पांढरा, पिठासारखा.

ह्या कामात मिठाचा हात फार मोठा. क्षार मिसळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणे ही मुळात विजेचीच बारीकशी क्रिया आहे. बारामती-इंदापूरकरांना क्षाराची ओळख नव्याने करून द्यायला नको. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला. पण जेथे पाणी जास्त झाले आणि निचरा झाला नाही, तेथे जमिनी फुलून पांढऱ्या पडल्या. नीरा खोऱ्यातल्या ह्या खारवट जमिनींचा अभ्यास डॉ. हॅरोल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनी केला, व मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने तो १९१० साली प्रसिद्ध केला. अशा क्षारपड रानात पुरलेला लोखंडी पाइप कोरड्या माळावरच्या पाइपाच्या आधी का सडतो, हे आता ध्यानात येईल. समुद्रकाठच्या विमानाची गतही तीच. उलट, अमेरिकेत जुनी विमाने ठेवायची झाली तर ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन ठेवतात. तेथे हवा कोरडी, म्हणून धातू टिकतो.

आता विमानाकडे वळू. शुद्ध ॲल्युमिनियमवर प्राणवायूची एक पातळ साय आपोआप धरते आणि तीच आतल्या धातूचे रक्षण करते. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. आपल्या स्वयंपाकघरातले पातेले आपटले की लगेच पोचा येतो, नाही का? १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना आढळले, की त्यात शेकडा चारच्या आसपास तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घालून योग्य रीतीने तापवले व थंड केले, तर ते काही दिवसांत चांगले कणखर बनते. धातूची विमाने सर्रास बांधता आली ती अशा मिश्रधातूंमुळे. मात्र ज्या तांब्याने बळ दिले, त्यानेच गंजाला दार उघडून दिले. तांबे आणि ॲल्युमिनियम शेजारी आले व मध्ये ओल आली, की त्यांची जणू बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते.

विमानाच्या गंजाचे मुख्य प्रकार आता एकेक करून पाहू.

पहिला, पृष्ठभागावरचा. सगळीकडे सारखा चढतो, डोळ्यांना दिसतो, घासून काढता येतो. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक.

दुसरा, खड्ड्यांचा. सोंडे लागलेला ज्वारीचा दाणा आठवा. वरून एवढेसे भोक, आत नुसते पीठ. पत्र्याचेही तसेच होते.

तिसरा, दोन धातूंच्या संगतीचा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात उघडा पोलादी बोल्ट बसवला, तर बोल्टाभोवतीचा पत्रा आधी खाल्ला जातो. म्हणून बोल्टावर दुसऱ्या धातूचा मुलामा देतात आणि दोहोंमध्ये रंगाचा थर ठेवतात.

चौथा, फटीतला. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून रिव्हेट मारलेले असतात. त्या सांध्यात पाणी शिरले की वाळत नाही. वर लख्ख रंग, आत गंज.

पाचवा, कणांमधला. धातू हा बारीक कणांचा बनलेला असतो. विटा शाबूत, पण मधला चुना झडला, तर भिंतीचे काय होते? तसाच हा गंज कणांच्या कडांनी आत शिरतो. पुढे धातूला कांद्यासारखे पापुद्रे सुटतात.

सहावा, ताणाखालचा. ओढ बसलेल्या भागाला गंजाने गाठले, की बारीक चीर पडते आणि ती वाढत जाते.

इंधनाच्या टाकीतही धोका असतो. तळाशी पाणी साचले तर त्यात बुरशी वाढते आणि तिच्या आम्लाने टाकी खाल्ली जाते. पाणी इंजिनात गेले तर धोका वेगळाच. म्हणून छोट्या विमानाचा शिकाऊ वैमानिकसुद्धा उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे इंधन काढून त्यात पाणी नाही ना, हे पाहतो.

हे सारे दुर्लक्षिले तर काय होते? २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचे एक विमान ९५ माणसे घेऊन निघाले. विमान १९ वर्षांचे, जवळजवळ ९०,००० उड्डाणे झालेले, सदा समुद्राच्या खाऱ्या हवेत. २४,००० फुटांवर त्याच्या पुढच्या भागाचे सुमारे १८ फूट छप्पर एकाएकी उडून गेले. विमानसेविका क्लॅराबेल लॅन्सिंग बाहेर ओढल्या गेल्या आणि प्राणास मुकल्या. वैमानिकांनी विमान कसेबसे उतरवले, म्हणून बाकीचे वाचले. चौकशीत काय निघाले? सांध्यातला चिकट थर सुटला होता, तेथे ओल शिरून गंज चढला होता आणि रिव्हेटांच्या भोकांपाशी चिरा पडल्या होत्या. आणखी एक गोष्ट निघाली. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ भेग दिसली होती. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर अमेरिकेत १९९१ साली जुन्या विमानांच्या तपासणीचा कायदा झाला. ठराविक काळाने विमानाचे सांधे उघडून पाहतात, पाणी निघून जायची भोके मोकळी ठेवतात, खारट धूळ धुऊन काढतात. बऱ्याचशा पत्र्यांवर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. तो स्वतः झिजतो आणि आतल्या पत्र्याला वाचवतो. आपल्या घरावरच्या पत्र्याला जस्ताचा हात दिलेला असतो, त्यातलेच हे तत्त्व.

गुरुजनहो, वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवा. मिठाच्या पाण्याचे दोन पेले घ्या. एकात ॲल्युमिनियमची नुसती तार ठेवा, दुसऱ्यात तशाच तारेला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळून ठेवा. आठवडाभर मुलांना रोज पाहू द्या आणि वहीत लिहू द्या. कोणती तार आधी पांढरी पडली, ती कोठे खाल्ली गेली, हे मुलेच आपल्याला सांगतील.

आणि शेतकरी बंधूंनो, फवारणीचा पंप काम झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन ठेवा. खताची पोती लोखंडी अवजारांना टेकवून ठेवू नका. मोटारीच्या चौकटीचे, पाण्याच्या टाकीच्या शिडीचे, शाळेतल्या झोपाळ्याचे बोल्ट आणि जोड अधूनमधून खरवडून पाहा. वरचा रंग बघून समाधान मानू नका, कारण घात होतो तो सांध्यात. कोठे भेग दिसली, तर "आपल्याला काय त्याचे" म्हणून पुढे जाऊ नका. ज्याचे काम आहे त्याला लगेच सांगा. सांगायला दोन शब्द लागतात, आणि तेवढ्याने एखाद्याचा जीव वाचतो.