२८१ लाख कोटी पत्ते आणि ११ सेकंदांचा पहारा

लॅपटॉप असो, प्रिंटर असो की सीसीटीव्ही कॅमेरा. नेटवर्कला जोडायच्या प्रत्येक यंत्राला सहसा कारखान्यातच ओळखीचा एक पत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस मिळतो. तो ४८ बिटांचा असतो, म्हणजे ४८ घरं आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक. एवढ्या भांडवलावर किती पत्ते तयार होतात? २८,१४,७४,९७,६७,१०,६५६. सुमारे २८१ लाख कोटी! जगातल्या ८०० कोटी माणसांत वाटले, तर माणशी ३५ हजार येतील.

सुरुवात मात्र अगदी काटकसरीची होती. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ साली इथरनेटची, म्हणजे यंत्रं तारेने एका जाळ्यात जोडण्याच्या तंत्राची, कल्पना निघाली, तेव्हाच्या प्रायोगिक जाळ्यात पत्ता ८ बिटांचा होता. पत्ते फक्त २५६. डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या कंपन्यांच्या १९८० सालच्या मानकात तो ४८ बिटांचा झाला. जगातल्या कुठल्याही दोन यंत्रांचा पत्ता एक येऊ नये, हा त्यामागचा हेतू. ४८ बिटांची ही बाजू १९८१ साली शोधनिबंधात मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते योगेन दलाल, मुंबईच्या आयआयटीतून शिकून गेलेले.

याच पत्त्यांवर स्विचमध्ये, म्हणजे यंत्रांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीत, पहारा बसवता येतो. कोणाला आत घ्यायचं, कोणाला अडवायचं, याची यादी म्हणजे मॅक अ‍ॅक्सेस लिस्ट. स्विच ती वरून खाली पाहतो आणि जी ओळ आधी जुळेल ती लागू करतो. बहुतेक स्विचवर यादीच्या शेवटी एक न लिहिलेली ओळही असते: बाकी सगळ्यांना मनाई. तुम्ही २०० पत्त्यांना परवानगी दिलीत, तर ही अदृश्य ओळ उरलेल्या जवळजवळ २८१ लाख कोटी पत्त्यांना एका फटक्यात बाहेर ठेवते.

आता वेग पाहा. स्विचवर तार जोडायच्या जागेला पोर्ट म्हणतात, आणि माहितीच्या एका पाकिटाला फ्रेम. एक गिगाबिटच्या पोर्टवरून सेकंदाला सर्वांत छोट्या १४,८८,०९५ फ्रेम येऊ शकतात. एका फ्रेमच्या वाट्याला ६७२ नॅनोसेकंद. असे ४८ पोर्ट भरून वाहू लागले आणि यादी १,००० ओळींची असली, तर एकेक ओळ तपासायला सेकंदाला ७ हजार कोटींहून जास्त तुलना लागतील. म्हणून अनेक स्विचमध्ये टीकॅम नावाची खास मेमरी असते. ती सगळ्या ओळी एकाच वेळी ताडून पाहते. ही मेमरी महाग आणि मोजकी असते, म्हणून यादी हवी तेवढी लांबवता येत नाही.

मग एवढा पहारा अभेद्यच म्हणायचा? इथे आकडे उलटतात. कोणी एकेक पत्ता धारण करून पूर्ण गिगाबिट वेगाने दार ठोठावत राहिला, तर सगळे पत्ते संपायला जवळजवळ ६ वर्षं लागतील. पण पत्त्याची पहिली २४ बिटं सहसा उत्पादकाची असतात. ऑफिसातले प्रिंटर कोणत्या कंपनीचे हे दिसलं, की त्या गटात उरतात १,६७,७७,२१६ पत्ते. ते ठोठावून संपतात सव्वाअकरा सेकंदांत!

खरं तर तेवढी खटपटही नको. प्रत्येक फ्रेम आपला पत्ता उघड घेऊन फिरते, आणि तो नुसत्या सॉफ्टवेअरने बदलताही येतो. ४८ बिटांनी पत्ता एकमेव केला, गुप्त नाही. दारावरची पाटी म्हणजे कुलूप नव्हे.

तरीही यादी निरुपयोगी नाही. चुकून जोडलेलं यंत्र ती रोखते, कॅमेऱ्यांच्या पोर्टवर कॅमेरेच ठेवायला मदत करते. पण ती लावण्याआधी स्विचचं मॅन्युअल वाचा. सिस्कोच्या काही कॅटॅलिस्ट स्विचवर अशी यादी आयपी वाहतुकीला, म्हणजे इंटरनेटच्या नेहमीच्या वाहतुकीला, लागूच होत नाही. आणि आत येणाऱ्याची खरी ओळख पटवायची असेल, तर पासवर्ड किंवा प्रमाणपत्र मागणारी ८०२.१एक्स पद्धत वापरा.