ट्रान्झिस्टरच्या तीन जोडण्या : कारागिरांनी हिशेब समजून घ्यावा

ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या धंद्यात आपले पुष्कळ कारागीर आहेत. हात साफ असतो, सोल्डरिंग सुबक असते. पण बिघाड सापडेना की एकामागून एक पार्ट बदलत राहायचे, ही सवय नुकसानीची आहे. माल जळतो आणि गिऱ्हाईक तुटते. आम्ही कापडाचे व्यापारी. परंतु जात ओळखल्याशिवाय मालाला हात लावू नये, हा बाजाराचा कायदा येथेही लागू आहे.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन व ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. आज नेहमी वापरात असलेल्या ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात : एमिटर, बेस आणि कलेक्टर. सिग्नल एका पायाने आत जातो, दुसऱ्याने बाहेर येतो. तिसरा दोघांत सामाईक. त्यावरूनच जोडणीचे नाव पडते.

कॉमन एमिटर : व्होल्टेज व करंट दोन्ही वाढतात, सिग्नल मात्र उलटा होतो. माइकचा बारीक सिग्नल मोठा करण्याचे काम हिचेच.

कॉमन कलेक्टर, म्हणजे एमिटर फॉलोअर : व्होल्टेज वाढत नाही, किंचित घटतेच, करंट मात्र भरपूर वाढतो.

कॉमन बेस : करंट वाढत नाही, व्होल्टेज वाढते. उच्च फ्रिक्वेन्सीवर उत्तम चालते, म्हणून रेडिओच्या कामात उपयोगी.

आता हिशेब पाहा. कॉमन एमिटरचा कलेक्टर रेझिस्टर ४,७०० ओहम आहे असे समजा. त्याला सरळ ८ ओहमचा स्पीकर जोडला तर स्पीकरला सिग्नलचा सुमारे सहाशेवा हिस्साच मिळेल. मध्ये दोन एमिटर फॉलोअर घाला, पहिल्याचा गेन १०० व दुसऱ्याचा ५०. आता तोच स्पीकर मागच्या टप्प्याला सुमारे ४०,००० ओहमचा भासतो आणि जवळजवळ नव्वद टक्के सिग्नल पोहोचतो.

म्हणून पार्ट काढण्याआधी मीटर लावावे. चालू सिलिकॉन एनपीएन ट्रान्झिस्टरचा बेस एमिटरपेक्षा साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट वर असतो. आधीच्या टप्प्यावर सिग्नल ठीक असून स्पीकर जोडताच बसत असेल, तर पहिला संशय फॉलोअरवर घ्यावा. ज्याला जोडणी ओळखता येते, तो एक पार्ट बदलून काम करतो. ज्याला येत नाही, तो दहा बदलतो आणि मजुरीही गमावतो.