संकेतस्थळ कोणाच्या नावावर?

लघुउद्योगांच्या कर्जप्रस्तावांसोबत येणाऱ्या दरपत्रकांत यंत्रसामग्री, वीजजोडणी आणि फर्निचर यांच्या जोडीला 'संकेतस्थळ निर्मिती' ही एक ओळ आता हमखास आढळते. यंत्राचे दरपत्रक उद्योजक बारकाईने वाचतो. मोटर किती अश्वशक्तीची, हमी किती वर्षांची, सुटे भाग कोठे मिळतील, हे प्रश्न त्याला कोणी शिकवावे लागत नाहीत. संकेतस्थळाच्या दरपत्रकात मात्र 'डिझाइन, डोमेन, होस्टिंग – एकरकमी' एवढाच मजकूर असतो आणि त्याखालचा आकडा तेवढा पाहिला जातो. वरकरणी सारख्याच भासणाऱ्या कामासाठी एक डिझायनर दहा हजार मागतो आणि दुसरा लाखभर. अशा वेळी कल कोणीकडे जातो हे सांगावयास नको. त्या एका ओळीत काय काय दडलेले असते, हे आपल्या ग्राहकांना आणि शाखांतील सहकाऱ्यांनाही माहीत असावे, या हेतूने हे लेखन.

प्रारंभी, संकेतस्थळाची गरज खरोखरच आहे काय, हे पाहणे इष्ट. गल्लीतील पिठाच्या गिरणीला गूगलवरील व्यवसाय-नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेस एवढे पुरेसे होते. परंतु परगावचे घाऊक खरेदीदार ज्यांच्याकडे यावेत अशी अपेक्षा आहे, त्यांना स्वतःचा पत्ता हवा. फुकटच्या सोयीवर सर्वस्वी विसंबण्यात काय धोका असतो, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. गूगलने व्यवसाय-नोंदीतून विनामूल्य तयार होणारी संकेतस्थळे त्या महिन्यात बंद केली आणि ज्यांनी तोच पत्ता पाटीवर व बिलांवर छापला होता, त्यांना नवी व्यवस्था शोधावी लागली.

आता मुख्य मुद्दा. आमच्या शाखेच्या एक खातेदार भगिनी मसाले आणि लोणची तयार करतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी ओळखीतल्या एका होतकरू तरुणाकडून संकेतस्थळ करून घेतले. काम नीटनेटके होते, पैसेही वाजवी घेतले. पुढे त्या तरुणाला परदेशी नोकरी लागली आणि त्याने हा व्यवसाय सोडला. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, त्याने स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या ई-मेलवर नोंदविले होते. नूतनीकरणाच्या सूचना त्या ई-मेलवर येत राहिल्या आणि तो ई-मेल तो पाहत नव्हता. एके दिवशी एका व्यापाऱ्याने दूरध्वनी करून विचारले, "ताई, तुमच्या नावावर भलतीच जाहिरात का दिसते?" तोवर ते नाव तिऱ्हाइताने घेतले होते. गोदामात सहा महिने पुरेल एवढे वेष्टन पडून होते आणि प्रत्येक पाकिटावर तेच नाव छापलेले होते.

यात त्या तरुणाचा हेतू वाईट होता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु हे नाव कोणी चोरलेही नव्हते. डोमेन विकत मिळत नाही, ते ठरावीक वर्षांसाठी नोंदविले जाते. सातबाऱ्यापेक्षा त्याचे नाते भाडेपट्ट्याशी अधिक जवळचे आहे. डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपल्यावर नोंदणी करणारी कंपनी आपल्या धोरणानुसार पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते. त्यानंतर तीस दिवस जादा शुल्क भरून नाव परत मिळविता येते, मग पाच दिवसांनी ते सर्वांसाठी खुले होते. म्हणजे सावध राहणाऱ्यास अवधी भरपूर आहे. फक्त सूचना योग्य माणसाच्या हाती पडावयास हवी.

कायद्याचा आधार नाही असे नव्हे. 'सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला. डॉट इन नावांसाठी तर नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेची स्वतंत्र लवाद-पद्धती आहे. परंतु लोणच्याच्या धंद्याने वकिलाचे शुल्क सोसावे आणि निकालाची वाट पाहावी, हे व्यवहार्य नाही. त्याऐवजी पहिल्याच दिवशी नोंदणीचे खाते उद्योगाच्या नावे, मालकाच्या ई-मेलवर आणि मालकाच्या मोबाइल क्रमांकावर उघडावे. पैसे स्वतःच्या खात्यातून भरावेत. डिझायनरला कामापुरता प्रवेश द्यावा. हे करण्यास अर्धा तासही लागत नाही. जो डिझायनर यास नकार देईल किंवा 'तुम्हाला त्यातले कळणार नाही' असे म्हणेल, त्याचे दरपत्रक कितीही कमी असले तरी बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मालकीचा दुसरा प्रश्न याहून कमी ज्ञात आहे. पैसे मोजले म्हणजे काम आपल्या मालकीचे झाले, असा सार्वत्रिक समज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची मांडणी तशी नाही. नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. बाहेरच्या डिझायनरने लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलीचा आणि मजकुराचा हक्क मात्र सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. तो आपल्याकडे घ्यावयाचा तर डिझायनरच्या सहीचे लेखी हस्तांतरण लागते. त्या लेखातही मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच मानली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर हक्क भारतापुरताच समजला जातो. दुबई किंवा सिंगापूरला माल पाठवू इच्छिणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे. छायाचित्रांचेही तसेच. इंटरनेटवरून उचललेले छायाचित्र कोणाचे तरी असतेच, आणि मागणीची नोटीस डिझायनरला नव्हे, संकेतस्थळाच्या मालकाला येते.

'घरचाच मुलगा आहे, त्याच्याशी कसले करार?' हा प्रश्न आपल्याकडे हटकून येतो. भाच्याकडून काम करून घेण्यात गैर काहीच नाही. एका पानाचे पत्र मात्र भाच्याशीही करावे. नाती टिकविण्यासाठीच ते उपयोगी पडते.

डिझायनरची पारख कशी करावी? त्याने दाखविलेले नमुने त्याच्या मोठ्या पडद्यावर पाहू नयेत. आपल्या दुकानातील नोकराचा साधा मोबाइल घ्यावा, त्यावर ती संकेतस्थळे उघडावीत आणि किती वेळ लागतो ते पाहावे. ग्राहक तेथेच पाहणार आहे. शिवाय गूगलही आता संकेतस्थळाची मोबाइलवरील आवृत्तीच प्रमाण मानते. पत्त्यापुढे 'नॉट सिक्युअर' अशी सूचना दिसली तर काम अपुरे आहे असे समजावे. क्रोम हा ब्राउझर २०१८ पासून असुरक्षित पत्त्यांना ही खूण लावतो, आणि सुरक्षा-प्रमाणपत्रे तर आता विनामूल्यही मिळतात. नमुन्यांपैकी दोन वर्षांहून जुने एखादे निवडून त्याच्या मालकाशी बोलावे. नव्या ग्राहकाला सर्वच छान वाटते. भाव बदलला, फोन क्रमांक बदलला, तेव्हा डिझायनरने फोन उचलला की नाही, हे जुना ग्राहकच सांगू शकतो.

मराठी मजकूर हवा असेल तर आणखी एक परीक्षा आहे. नमुन्यातील एक मराठी वाक्य निवडून त्याची नक्कल करावी आणि मोबाइलवरील संदेशात चिकटवावी. अक्षरे जशीच्या तशी आली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांचा खिचडा दिसला तर छपाईच्या जगातील जुने फाँट वापरलेले आहेत. वाक्य निवडताच आले नाही तर मजकुराचे चित्रच लावलेले असण्याची शक्यता अधिक. दोन्ही प्रकारांत 'गोडा मसाला' असे मराठीत शोधणाऱ्यास आपले दुकान सापडणार नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरीही शोभिवंत अक्षरांच्या मोहापायी ही चूक अद्याप होते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मराठी उद्योजकांनी हिंदी, गुजराती, तेलुगू मजकुराचीही अशीच परीक्षा घ्यावी.

ऑनलाइन विक्री करावयाची असल्यास एका गोष्टीवर बँक अधिकारी या नात्याने अधिक आग्रहाने सांगावेसे वाटते. पेमेंट गेटवेचे खाते उद्योगाच्याच केवायसीवर उघडलेले आणि त्याच्याच चालू खात्याशी जोडलेले असावे. 'तूर्त माझा क्यूआर लावतो, मागाहून बदलू' ही सूचना अजिबात मान्य करू नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक व कार्ड नेटवर्क यांखेरीज कोणालाही ग्राहकाच्या कार्डाचा संपूर्ण क्रमांक साठविता येत नाही. म्हणून डिझायनरने कार्डाची माहिती आपल्याच संकेतस्थळावर भरून घेणारा तक्ता बनविला असेल तर तो काढावयास लावावा. ई-वाणिज्यविषयक ग्राहक संरक्षण नियम, २०२० नुसार उद्योगाचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दाखवावे लागते. परताव्याचे धोरणही तेथेच स्पष्ट लिहावे. पेमेंट गेटवे ते मागतेच.

पैसे देण्याची पद्धत इमारतीच्या बांधकामासारखी ठेवावी : थोडा इसार, मांडणी मंजूर झाल्यावर दुसरा हप्ता आणि किमान तिसरा हिस्सा हस्तांतरणानंतर. सर्व रक्कम बँकेमार्फतच द्यावी. एका दिवसात एकाच व्यक्तीला दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास, काही अपवाद वगळता, तो खर्च आयकरात वजावटीस पात्र ठरत नाही. डिझायनर जीएसटीत नोंदणीकृत असेल तर नियमित करदात्या उद्योगाला त्या कराचा परतावाही सामान्यतः मिळतो. तेव्हा दोन दरपत्रकांची तुलना करताना कर वगळून करावी. होस्टिंग आणि देखभालीचा दुसऱ्या वर्षापासूनचा खर्च स्वतंत्रपणे लिहून घ्यावा. पहिल्या वर्षी स्वस्त पडलेले काम तेथे महाग होते.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी डोमेन आणि होस्टिंग या दोन्ही खात्यांत मालकाने स्वतः प्रवेश करून पाहावा, संकेतशब्द बदलावेत आणि संपूर्ण संकेतस्थळाची प्रत पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. त्या भगिनींनी आता नव्या नावाने नोंदणी केली आहे, ती दहा वर्षांसाठी एकदम. जुन्या पाकिटांवर चिकटविण्यासाठी नव्या नावाच्या पट्ट्या छापून घेतल्या आणि त्या चिकटविण्याचे काम त्यांच्या कारखान्यात दिवाळीपर्यंत चालले होते.